अर्पणपत्रिकेचं पान

५ फेब्रुवारी, सोमवार

वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी माझी परीक्षा आहे आणि परीक्षक माझी सख्खी बहीण आहे.

सकाळी चहा झाल्यावर ताईने मला मागच्या खोलीत बोलावलं. ही तिची कामाची खोली. मोठ्या पडद्याचं मशीन, प्रिंटर, कागदांनी कोंबलेलं कपाट आणि खिडकीला लागून टेबल. बावीस वर्षं ती इथे बसून लोकांची पुस्तकं लावते, म्हणजे मजकूर आणि चित्रं पानांवर नीट मांडून छापखान्याला देते. मी जिथे शिकवायचे तो टायपिंग क्लास बंद पडला आणि महिन्यापूर्वी मी माझी बॅग घेऊन इथे राहायला आले. तेव्हापासून या खोलीत मी फक्त केर काढायला गेले होते.

"सायकलदुरुस्तीचं पुस्तक आलंय," ती म्हणाली. "एकशे अठ्ठावीस पानं. तू लाव, एकटीनं. एकवीस मार्चला छापखान्यात जायला हवं. जमलं तर ही खोली, हे मशीन, हे काम, सगळं तुझं."

"आणि नाही जमलं तर?"

"तर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल. आणि तुला दुसरं काहीतरी."

हे सगळं तिने माझ्या उजव्या कानाकडे बघत सांगितलं. मी आल्यापासून तिचं हे असंच चाललंय. तोंडाकडे बघून म्हणून बोलत नाही. लग्न न झालेली, नोकरी गेलेली बहीण घरात येऊन राहिली की तिच्या डोळ्यांत बघणं जड जात असेल. मला ते फार लागतं, पण बोलायची सोय नाही.

मी विचारलं, "काम माझं झालं तर तू काय करणार?" म्हणाली, "आराम." आराम करणारी ताई मी जन्मात पाहिलेली नाही. म्हणजे माझी दया आलीय. मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

७ फेब्रुवारी, बुधवार

पहिल्याच दिवशी कपाळमोक्ष. एकोणीस वर्षं मी मुलींना टायपिंग शिकवलं. मिनिटाला साठ शब्द, कळफलकाकडे न बघता. मजकूर भराभर भरला, मथळा मध्यभागी यावा म्हणून स्पेसबार दाबत दाबत तो सरकवला, दोन परिच्छेदांत जागा हवी म्हणून एंटर मारले. पान देखणं दिसत होतं. मग ताईने अक्षर अर्ध्या पॉइंटाने वाढवलं आणि सगळं पान विस्कटलं. मथळा दुसऱ्या ओळीत घसरला, चित्राखालचा मजकूर चित्रावर चढला.

"स्पेसबार म्हणजे काय झाडू आहे? मजकूर लोटत नेतेस ती?"

भावजी दारात पेपर घेऊन उभे होते. ते म्हणाले, "मेहुणीबाई, तुम्ही मनावर घेऊ नका. माझं लग्न झालं तेव्हा मलाही कपाट लावायला असंच शिकवलं हिने."

मी कसनुसं हसले. एकोणीस वर्षांची सवय बोटांत बसली आहे. ती कशी काढायची?

१२ फेब्रुवारी, सोमवार

चार दिवस नुसती ग्रिड. पानावर आधी न छापणाऱ्या रेघांची जाळी आखायची. उभे सहा रकाने, त्यांच्यामध्ये चार-चार मिलिमीटरची फट, आणि आडव्या रेघा चौदा-चौदा पॉइंटांवर. प्रत्येक ओळीचे पाय त्या रेघेवर टेकले पाहिजेत. चित्राची कड रकान्याच्या कडेला चिकटली पाहिजे. ही जाळी एकदाच मास्टर पानावर आखायची, मग ती सगळ्या पानांवर आपोआप येते. बाहेरचा समास लहान, आतला मोठा, कारण आत शिलाई.

ताई मशीनला हात लावत नाही. माझ्या शेजारी, जरा मागे, खुर्ची टाकून बसते आणि तोंडी परीक्षा घेते.

"वरचा समास किती?"

"अठरा."

"फट किती?"

"चार."

"वाचून सांग, पाठ म्हणू नकोस. डोळ्यांत तेल घालून बघ."

वाचून बघितलं तर पाच होती, म्हणजे सगळ्याच पानांवर पाच. तिला समोर सगळं दिसतंय, तरी मलाच वाचायला लावते. चूक माझ्याच तोंडून वदवून घ्यायची, ही तिची शिकवण्याची तऱ्हा. मी मुलींना कधी असं शिकवलं नाही.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

लेखक येऊन गेले. एकाहत्तर वर्षांचे, चाळीसहून अधिक वर्षं सायकली दुरुस्त केलेल्या. आम्ही त्यांना सायकलवाले काका म्हणतो. त्यांची एकच अट: डाव्या पानावर चित्र, उजव्या पानावर त्या चित्राच्या पायऱ्या. पूर्ण पुस्तकभर.

"माझ्या वाचकाचे हात ग्रीसने काळे असणार," ते म्हणाले. "एका हातात पाना, दुसऱ्यात चाक. त्याला पान उलटायला लावलंत तर पुस्तक काळं आणि शिव्या मला."

ताई खूश झाली. असं माणूस आवडतं तिला. चित्रंही त्यांनीच काढली आहेत, टाकाने, केसासारख्या बारीक रेघांची. प्रत्येक आरा न् आरा काढलाय.

ताईने त्यांना चहा दिला. कपाच्या आत बोट घालून ओतते हल्ली, बोटाला चटका बसला की थांबते. काकांच्या देखत! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पूर्वी ही अशी नव्हती.

संध्याकाळी ती भावजींबरोबर बाहेर गेली. कुठे ते सांगितलं नाही.

२० फेब्रुवारी, मंगळवार

आज भांडण झालं.

ताई नियम सांगत होती आणि मी वहीत उतरवत होते. चित्र मोठं करायचं तर कोपरा धरून, नाहीतर चाक अंडाकृती होतं. मथळ्याच्या वर जागा जास्त, खाली कमी. एकटी ओळ पानाच्या डोक्यावर सोडायची नाही. असे सहा झाले. सातवा सुरू केला, "पान वाढवायचं झालं तर..." आणि तेवढ्यात मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्या खांद्यापलीकडे भिंतीकडे बघून बोलत होती.

मी म्हणाले, "भिंतीला शिकवतेयस का? माझ्याकडे बघवत नसेल तर तसं सांग."

ती म्हणाली, "तुझ्याकडेच बघतेय."

खोटं बोलायलाही काही मर्यादा असते. मी वही मिटली आणि गच्चीवर जाऊन वाळलेले कपडे काढले, घड्या घातल्या, पुन्हा उलगडून पुन्हा घातल्या. सातवा नियम राहिलाच. परत जाऊन विचारणं माझ्याच्यानं होणार नाही.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

भिंतीला कान लावायचा नव्हता, पण स्वयंपाकघराची भिंतच पातळ आहे. भावजी ताईला सांगत होते, "पुढच्या गुरुवारी त्या दुसऱ्यांना दाखवून येऊ. त्यांचं काय मत पडतं बघू. मग ठरवू."

ताई म्हणाली, "त्यांनीही हेच सांगितलं तर?"

"तर मग आहेच की मेहुणीबाई."

म्हणजे माझी पानं नेऊन कुणा दुसऱ्याला दाखवताहेत. दुसरा कुणी बरा मिळाला तर तो, नाही मिळाला तर मी आहेच. रात्रीच्या उरल्यासुरल्या भाजीसारखी.

१ मार्च, शुक्रवार

काल ती दोघं गेली होती. ताई परत आली ती एका डोळ्याला रुमाल लावून. धूळ गेली म्हणाली. जेवली नाही. "त्या दुसऱ्यांनी" काय मत दिलं ते माझ्या तोंडावर कुणी बोललं नाही. सांगण्यासारखं असतं तर सांगितलं असतं.

चव्वेचाळीस पानं झाली. वीस दिवस उरले.

६ मार्च, बुधवार

आता स्वप्नातही रकाने दिसतात. न्हाणीघराच्या फरशा बघून मनात आलं, इथे फट पाच मिलिमीटर आहे. पण कबूल करायला हवं, हात बसतोय. आज "ब्रेक कसा आवळावा" लावलं. चित्र सहाही रकाने भरून, समोर पायऱ्या चार रकान्यांत, बाहेरच्या दोन रकान्यांत हत्यारांची चित्रं. ओळी समोरासमोर अशा बसल्या की मी खुर्ची मागे ढकलून नुसती बघत राहिले. दोन मिनिटं चिंता नव्हती. मग वाटलं, एवढं बरं दिसतंय म्हणजे कुठेतरी चुकलं असणार. पुन्हा सगळी मापं तपासली.

रोज सकाळी भावजी ताईला पेपर मोठ्याने वाचून दाखवतात, पार हवामानापर्यंत. या वयात किती ते लाड! मी कानात कापूस घालून काम करते.

१० मार्च, रविवार

आज ताईने एक विचित्र प्रश्न केला. चहा पिता पिता म्हणाली, "न बघता टाइप करायला किती दिवस लागतात गं?"

"मुलींना चार महिने. का?"

"आणि अठ्ठावन्न वर्षांच्या मुलीला?"

भावजी हसले. मीही हसले, पण नंतर विचार करत बसले. मी इतकी वर्षं जे शिकवलं ते चार महिन्यांचं काम, आणि ती जे करते ती खरी विद्या, असंच सुचवायचं असणार तिला. टोमणा कळायलासुद्धा मला तासभर लागला.

१८ मार्च, सोमवार

सगळी पानं लागली! शुक्रवारीच प्रिंट काढून ताईसमोर ठेवली होती. तीन दिवस तिने माझ्याकडून पुस्तक वाचून घेतलं. शब्द न् शब्द. "आता डावीकडे काय? उजवीकडे काय? शेवटची ओळ रेघेवर आहे का?" माझा घसा बसला. चुका निघाल्या एकूण अकरा. त्या दुरुस्त केल्या.

शेवटी ती म्हणाली, "झालं. जाऊ दे छापखान्यात."

"म्हणजे जमलं?"

"छापून हातात येऊ दे. मग बोलू."

जीव अजून टांगणीलाच.

२१ मार्च, गुरुवार

आज माझं मीच मला शाबासकी देते. दुसरं कुणी घरात नाही.

ताई आणि भावजी सकाळीच बाहेर पडले. त्यांचा गुरुवार. फाइल बाराच्या आत पाठवायची होती. दहा वाजता सायकलवाले काका धापा टाकत दारात.

"अर्पणपत्रिका राहिली! मला रात्री झोप नाही आली. एक पान घाला सुरुवातीला."

खिशातून चिठ्ठी काढली. तिच्यावर लिहिलं होतं: "जिने चाळीस वर्षं माझ्यासाठी बॅटरी धरली, तिला."

म्हणाले, "दुकानात दिवा मिणमिणता. माझे दोन्ही हात चाकात. बॅटरी तीच धरायची. कधी प्रकाश हलू दिला नाही तिने. आता ती नाही."

मला नाही म्हणवेना. ताईला फोन लावावा असं एकदा मनात आलं. पण एक पान घालायला बहिणीला फोन करायचा तर मग एकटीनं काय लावलं? तिसरं पान म्हणून घातलं. मधोमध, दोनच ओळी, वर मोकळी जागा. पुस्तकाच्या शेवटी एक कोरं पान होतं ते काढलं, म्हणजे पुन्हा एकशे अठ्ठावीस. पानांचे आकडे आपोआप बदलले आणि अनुक्रमणिकेतले मी लक्षात ठेवून हाताने एकेकाने वाढवले. हे मला सुचलं याचा मला फार आनंद झाला. छापखान्याच्या मॅनेजरनी विचारलं, "पानं एकशे अठ्ठावीसच ना?" मी ठासून सांगितलं, हो.

ताई दुपारी आली ती थेट जाऊन पडली. मी तिला पानाचं सांगितलं नाही. छापून आल्यावर बघेल आणि चकित होईल.

२५ मार्च, सोमवार

उशीर झालाय, तरी लिहिते. नाही लिहिलं तर झोपू शकणार नाही.

सकाळी अकराला छापखान्यातून पहिला फर्मा आला. फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर दोन्ही बाजूंनी छापलेली सोळा पानं. मॅनेजरचा निरोप होता की पहिला फर्मा पूर्ण छापून झालाय, दुसरा दुपारी दोनला मशीनवर चढेल. ताईने कागद माझ्या हातातून घेतला, टेबलावर पसरला आणि स्वतःच घड्या घालायला लागली. एक, दोन, तीन, नखाने कड दाबत, न चुकता. मग वरच्या कडा सुरीने कापल्या. छोटं पुस्तक तयार झालं. भावजी तिच्या मागे उभे होते.

तिने मधलीच पानं उघडली. डाव्या पानावर डावा तळवा ठेवला, उजव्यावर उजवा. कागदावरून हळूहळू हात फिरवला. तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मला रडूच यायला लागलं. ती म्हणाली, "काय सरळ बसल्यात गं ओळी. छान लावलंयस. वाच बघू, पहिली पायरी काय आहे?"

आणि उजवा तळवा तिने पानावर थोपटला.

मी वाकून बघितलं. तिच्या उजव्या हाताखाली ओळी नव्हत्याच. चित्र होतं. पानभर चाक, सगळे आरे, मध्ये पंक्चरची खूण. पायऱ्या होत्या डावीकडे, आणि त्याही आधीच्या चित्राच्या. मी पान उलटलं. चाकाच्या पायऱ्या चाकाच्या पाठीवर छापलेल्या होत्या. पुढचं पान, त्याच्या पुढचं, सगळं तसंच. मी सुरुवातीला एक पान घातलं आणि पुढचं प्रत्येक डावं उजवं झालं. काकांच्या ग्रीसने माखलेल्या वाचकाला आता दर चित्राला पान उलटावं लागणार.

पण तेवढंच नव्हतं. पानभर चाकावर हात ठेवून ताई ओळींचं कौतुक करत होती.

मी भावजींकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली.

सगळं एकदम आठवलं. कपातलं बोट. पेपर. "वाचून सांग." गुरुवार. रुमाल. भिंत.

ती अजून वाट बघत होती. "अगं वाच ना. घसा अजून बसलाय का?"

खरं सांगते, एक क्षण मनात आलं की वाचावं. पहिली पायरी मला पाठ आहे: चाक काढून उलटं धरा. मी वाचलं असतं तर ती हो म्हणाली असती, खोली माझी झाली असती, आणि पुढचं पुढे. निदान आजचा दिवस तरी तिचा तो चेहरा तसाच राहिला असता. एवढाच एक क्षण. पण लिहून ठेवते, कारण तो आला होता.

"ताई," मी म्हणाले, "तुझ्या हाताखाली चित्र आहे."

तिचा हात तिथेच थांबला. मग तिने तो अलगद उचलून मांडीवर घेतला.

म्हणाली, "एक पान वाढवलंस का?"

"अर्पणपत्रिका. काका आले होते. मी तुला सांगितलं नाही."

"त्या दिवशी तेच सांगत होते मी. पान वाढवायचं झालं तर जोडीनं वाढवायचं, नाहीतर पुढचं सगळं डावं-उजवं होतं. तू वही मिटून गेलीस."

"तुला दिसत नाही," मी म्हणाले. किती वाईट तऱ्हेने म्हणाले.

"मधलं दिसत नाही. कडेकडेचं दिसतं. मधे राखाडी डाग आहे, दोन्ही डोळ्यांत. डॉक्टर इंजेक्शनं देतात, आहे ते टिकावं म्हणून. दुसऱ्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं." मग जरा हसली. "दीड महिना मला पुस्तक वाचून दाखवतेयस, आणि तुला आज कळलं होय? परीक्षक आंधळा आणि विद्यार्थिनी त्याहून."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू दया म्हणून शिकली असतीस. मला काम येणारी बाई हवी होती."

मी रडले. भरपूर, आवाज काढून. भावजींनी पाणी आणून दिलं. ताई म्हणाली, "पुरे. किती वाजले?"

"साडेअकरा."

"दोनच्या आत मशीन थांबवायचं आहे. लाव फोन."

मॅनेजर तापले. पहिला फर्मा रद्दीत गेला आणि तो माझ्या नावावर, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. मग ताई खुर्ची ओढून माझ्या मागे बसली.

"मनोगत किती पानं आहे?"

"दोन."

"एका पानात बसव. म्हणजे पुढचं सगळं एक घर मागे येईल. किती ओळी जास्त होताहेत?"

"नऊ."

काकांना फोन केला. ते म्हणाले, "नऊ काय, वीस काढा. मनोगत कोण वाचतंय! तिचं पान तेवढं राहू द्या."

नऊ ओळी काढल्या, शेवटचं कोरं पान परत घातलं, अनुक्रमणिकेतले आकडे पुन्हा एकेकाने उतरवले. सगळी चित्रं डावीकडे परतली. एकशे अठ्ठाविसाच्या एकशे अठ्ठावीस पानं मी तिला वाचून दाखवली: डावीकडे काय, उजवीकडे काय. एक वाजून चाळीस मिनिटांनी फाइल गेली.

खोलीचं काय, परीक्षेचं काय, ते तिने काढलं नाही आणि मीही विचारलं नाही.

२६ मार्च, मंगळवार

सकाळी मागच्या खोलीत गेले तर माझ्या खुर्चीत ताई बसलेली. समोर कळफलक, दोन्ही हात त्याच्यावर, बोटं भलत्याच जागी.

"फर्मा वाया घालवलास," ती म्हणाली. "त्याची शिक्षा म्हणून मला न बघता टाइप करायला शिकवायचं. पानं तू लाव. मजकूर तरी माझा मी भरीन. चार महिने म्हणाली होतीस."

"मुलींना. तुला सहा लागतील."

"उद्धट आहेस."

मी तिची बोटं एकेक धरून जागेवर ठेवली. तिने मान वळवली आणि माझ्या उजव्या कानाकडे बघितलं. या वेळी मी हलले नाही, बघू दिलं.

"केवढी वाळलीस गं," ती म्हणाली. "आल्यापासून बघतेय."